उंबरबेटचा हिरवा चुडा

हात पाहून नशीब सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मला नशिबातलं ओ की ठो कळत नाही. पण बाईचा हात हातात घेऊन एकदा दाबला की तिचं माप किती, ती दळते-कांडते की नुसती बसून खाते, आणि आज घरून भांडून आली आहे की नाही, एवढं मी डोळे मिटून सांगते. उभा जन्म नांदेडात आणि आसपासच्या खेड्यांत बांगड्या भरल्या. आता बोटं वाकडी झाली. दुकान सुना सांभाळतात आणि मी कोपऱ्यात बसून त्यांच्या चुका काढते.

या दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले ते बायकोला बांगड्या भरायला घेऊन. बोटं वाकडी असली तरी तिला मीच भरायला बसले आणि भरता भरता उंबरबेटाची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, "बाई, हे असंच्या असं लिहून द्या." असंच्या असं! बांगड्या भरताना माझे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून गोष्ट तरी आवरती राहते. लेखणी हातात आल्यावर ती कुठवर पसरेल ते आता त्यांनी पाहून घ्यावं.

आधी धंदा सांगते, कारण आजकालच्या मुली बांगड्या स्वतःच चढवतात आणि हात सोलून घेतात. बांगडी मनगटावर बसते, पण माप असतं ते मुठीचं. अंगठा तळव्यात दुमडायचा, चारही बोटं आवळायची, अंगठ्याखालचा उंचवटा आत दाबायचा आणि बांगडी जराशी तिरकी धरून एका वळणात पलीकडे न्यायची. मध्येच थांबलात की काच गेली. खरं कसब त्याच्याही आधीचं आहे. बाईने हात सैल सोडला पाहिजे. तिने तो ताठ धरला तर तिच्या मापाची बांगडीही तिला चढत नाही. म्हणून कासारीण बोलते. जावेचा विषय काढायचा, माहेरचा काढायचा, बाई बोलण्यात रंगली की हात लोण्यासारखा मऊ होतो. लोक म्हणतात कासारणी फार बडबड्या. अहो, ते आमचं हत्यार आहे!

आणखी एक. काच तडकली तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. कासारणीच्या हातून वाढवली तर तिने दुसरी आपल्या पदरची भरायची. आणि चुड्याला बसलेली नवरी कासारीण 'ऊठ' म्हणेपर्यंत चटईवरून उठत नाही, मग दारात सासरा येवो नाहीतर तहसीलदार. तेवढ्या वेळापुरतं राज्य आमचं.

बाहेरचं राज्य निजामाचं होतं. त्याची ती शेवटची वर्षं आहेत हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! बाजारात हाली नाणं चाले, पाट्या उर्दूत, आणि मोठ्या अंमलदारांच्या घरी गेलं की पडद्याआडून नुसता हात बाहेर यायचा. एका बेगमसाहेबांना मी कित्येक वर्षं बांगड्या भरल्या, चेहरा एकदाही पाहिला नाही. एके दिवशी हात आला, मी दाबला आणि म्हटलं, "हा हात तुमचा नव्हे." आत हशा पिकला. माझी परीक्षा घ्यायला त्यांनी बहिणीचा हात पुढे केला होता. त्या दिवशी मला पानदानातला पहिला विडा मिळाला. तसाच एकदा एका नाक्यावरच्या शिपायाने, बांगड्यांभोवतीच्या पेंढ्यात काही लपवलंय का बघतो म्हणत माझी पेटी उघडली आणि गंमत म्हणून एक बांगडी स्वतःच्या हातात चढवली. चढली ती उतरेना! बिचारा घामाघूम. मी त्याला खाली बसवला, हाताला गोडं तेल लावलं आणि त्याच्या सासूची चौकशी सुरू केली. सासूचं नाव निघताच गडी असा काही बोलत सुटला की बांगडी कधी निघाली ते त्याला कळलंही नाही. पुन्हा माझी पेटी त्याने कधी उघडली नाही.

आता चला उंबरबेटावर.

नांदेडच्या खालच्या अंगाला गोदावरी एके ठिकाणी दोन वाटांनी फुटते आणि पुढे पुन्हा एक होते. मधल्या उंचवट्यावर थोडीशी घरं. तेच उंबरबेट. मासे धरायचे, पाणी ओसरलं की गाळपेरीत टरबुजं-काकड्या लावायच्या, यावर पोट. दुकान नाही, चावडी नाही. जाळं कोणाही एकाने टाकलं तरी मासे सगळ्या चुलींवर जात. पाहुणाही एका घरचा नसे, तो बेटाचा असे. प्रत्येक घरी त्याने एक वेळ जेवायचंच. मी एकदा घाईत एक घर चुकवलं, तर त्या घरच्या बाईने वर्षभर माझ्यापुढे हात केला नाही. तेव्हापासून मी बेटावर जाताना नवऱ्याला सांगून जायची, "सगळी घरं जेवून झाली की येते. वाट बघू नका."

तिथे जायची तऱ्हा तर विचारूच नका. आधी बैलगाडीने नदीकाठ गाठायचा. मग काठावर लिंबाखाली बसून राहायचं, पलीकडच्या कोणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत. आणि मग यायची काहील! होय, ऊस गाळून गूळ करतात तिथली लोखंडी काहील. बेटावरची नाव कधीच कुजून गेली होती. अर्धापूरकडच्या एका गुऱ्हाळातून या लोकांनी दोन जुन्या काहिली आणल्या होत्या, एक मोठी, एक लहान. उथळ पाण्यात काठीने रेटायची, खोल पाण्यात आखूड वल्ह्याने मारायची. काहील गोल, त्यामुळे तिला पुढचं तोंड नाही आणि मागचं नाही. ती सरळ जातच नाही, गिरक्या घेत जाते. काठ एकदा समोर दिसतो, एकदा पाठीमागे. बसणाऱ्यांनी कडेकडेने सारखं वजन करून बसायचं आणि हलायचं नाही. घाई करणाऱ्याला ती सरळ पाण्यात टाकते. मला सांगायला लाज नाही, पहिल्या खेपेला मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते. नंतर मात्र त्या गिरक्यांची इतकी गोडी लागली की काठ जवळ आला की मला वाईट वाटे.

काहील हाकावी ती गोदूने. गोदूला आईबाप नव्हते. राधाक्का म्हणून तिची चुलती होती, बेटावर सगळ्यांत वडील, तिने वाढवलेली. राधाक्काचा मुलगा नामा हाही काहील हाके, पण त्याच्या हाताखाली ती मेंढरासारखी भलतीकडे पळे. गोदू नुसतं पाण्याकडे बघायची, काठी टेकवायची आणि काहील गिरकी घेत घेत बरोबर घाटाला लागायची. तिचा हात मी पहिल्यांदा धरला तेव्हा दचकलेच. रुंद पंजा, बोटांची पेरं दगडासारखी. माझ्या पेटीतलं सगळ्यांत मोठं माप तिला कसंबसं व्हायचं.

तर या गोदूचं लग्न ठरलं. ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त. गोदूचा हात भरून बरेच दिवस झाले होते, काठी मारून तो आणखी रुंदावला असणार, म्हणून राधाक्काला मी निरोप धाडला की नवरीची एक जुनी बांगडी मापाला पाठवा, म्हणजे तेवढा हिरवा चुडा बेताने आणते. तर काय यावं? सुतळीत ओवलेल्या अख्ख्या बेटाच्या बांगड्या! घरटी एक. निरोप्याला विचारलं, "अरे, यातली नवरीची कुठली?" तो म्हणाला, "ते न्हाई ठावं मावशी. पोरीसाठी काही धाडायचं तर एका घरचं धाडत न्हाईत आमच्यात. समद्या घरचं जातं." मी कपाळावर हात मारला. मापाचीही वर्गणी! पण राग येईना, हसूच फुटलं. शेवटी मी घरातली होती नव्हती ती सगळी मापं, मोठी जरा जास्तच, दोन पेट्यांत भरली आणि निघाले.

लग्न मोठ्या मुश्किलीने जमलेलं होतं. मुलगा चाकूरकडचा. माणसं नात्यातलीच, पण पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू शेती करणारी. नवऱ्या मुलाच्या आईच्या, म्हणजे विहीणबाईंच्या, कानावर गेलं होतं की पोरगी पुरुषासारखी काहील हाकते. त्यांनी साफ कळवलं होतं, "चुड्याला बसली की काठीला हात न्हाई. आमच्या नजरेला ती घाटावर दिसली, तर आमी तिथूनच गाड्या फिरवू." राधाक्काने शब्द दिला होता. म्हणून मला आणायलाही नामाच आला. मी भिजून चिंब झाले आणि त्याला पोटभर बोलून घेतलं.

बेटावर पोचले तर काय ती धांदल! बायांनी मला घाटावरून उचलूनच नेलं म्हणा. एकच मांडव, एकच चूल, सगळ्यांच्या घरची डाळ एका भांड्यात शिजत असलेली. प्रत्येकीला आधी स्वतःची बांगडी ओळखायची होती. "ही माझी!" "चल, ही तर माझी. तुझा हात एवढा नाजूक कधी होता?" मी ओरडून ओरडून सगळ्यांना गप्प केलं आणि गोदूला चटईवर बसवलं.

तिचा डावा हात घेतला आणि माझी मात्रा चालेना. हात लाकडासारखा ताठ. माहेरचा विषय काढला, नवऱ्याचा काढला, काही उपयोग नाही. डोळे सारखे नदीकडे. शेवटी मी विचारलं, "मनात न्हाई का गं तुझ्या?"

"नवरा चांगला हाय मावशी," ती हळूच म्हणाली. "दोनदा बघितला मी त्याला. पर तिकडं नदी न्हाई. मी काय करू दिवसभर?"

गंमत अशी की मी गप्प बसले तसा तिचा हात सैल पडला. डावा हात भरून झाला, कोपराच्या खाली हिरवागार. उजव्या हाताचा अंगठा दुमडते आहे तोच घाटावरून आरोळी आली.

आम्ही सगळ्या तिकडे वळलो. वर आभाळ स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही, पण पाणी तांबडं झालं होतं आणि चढत होतं. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस कोसळला असणार. आणि मधोमध मोठी काहील. तिच्यात नामा, नवरा मुलगा, विहीणबाई आणि त्यांच्याकडची दोन माणसं. मला उतरवून नामा वऱ्हाड आणायला पलीकडे गेला होता; पाणी चढताना बघून काठावरची वऱ्हाडी मंडळी घाबरली होती आणि नामाने नको तेव्हा त्यांना घेऊन काहील लोटली होती. कोरड्या मुलखातली माणसं ती, काहील पहिली गिरकी घेते न घेते तोच भिऊन उभी राहिली. काहील कलली. तोल सावरताना नामाच्या हातची काठी गेली, वल्हंही गेलं. आता ती गरागरा फिरत खालच्या खडकांकडे निघाली होती. तिथे आपटली तर पाच जणांतला एकही हाती लागला नसता. विहीणबाईंच्या किंकाळ्या आम्हाला मांडवात ऐकू येत होत्या.

लहान काहील घाटावर बांधलेली होती. पण तशा पाण्यात ती घालील असं बेटावर एकच माणूस होतं आणि ते माझ्यासमोर अर्धा चुडा भरून बसलं होतं.

गोदू उठली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. राधाक्का मध्ये आली. "शबूद दिलाय मी," ती म्हणाली. "तिला काठी हातात बघितली की मोडलं लगीन. मग कोन करील पोरीला?" आणि लगेच स्वतःच रडायला लागली, "पर नामा हाय गं त्याच्यात, माझा नामा!"

चटईवर राज्य माझं होतं. एरवी त्या राज्यात मी एवढंच ठरवायची की हिरव्यामध्ये एखादी लाल घालायची की नाही. मी तिचा दुमडलेला अंगठा सोडून दिला. मी म्हटलं, "गोदू, ऊठ."

ती उठली ती बाणासारखी! लुगड्याचा काष्टा मारला, खांद्यावर दोरीचं वेटोळं घेतलं आणि लहान काहील पाण्यात लोटली. आम्ही सगळ्या घाटावर धावलो. अहो, काय सांगू! ती काहिलीच्या मागे गेलीच नाही. उलट वरच्या बाजूला रेटत गेली. मला वाटलं घाबरली पोर, चुकली. राधाक्काने माझा दंड पकडला आणि म्हणाली, "थांबा, बघा." मोठी काहील धारेच्या कडेला गिरक्या खात रेंगाळत होती, आणि मधल्या धारेत शिरल्यावर गोदूने काठी उचलून घेतली. धारेने तिची काहील अशी झपकन खाली नेली की ती थेट खडकांच्या आणि मोठ्या काहिलीच्या मध्ये जाऊन पोचली. मी ओरडलेच.

"बसा! समदे खाली बसा!" गोदूचा आवाज पाण्यावरून आला. "आत्याबाई, तुमी बी! बसा म्हनते ना!" होणाऱ्या सासूला असं ओरडणारी नवरी मी तेवढी एकच पाहिली. सगळे मटकन बसले. तिने दोरी फेकली, नवऱ्या मुलाने झेलली आणि तिने सांगितलं तशी काहिलीच्या कडीत बांधली. दोन्ही काहिली कडेला कड लागल्या. तेवढ्यात विहीणबाईंनी हात लांब करून गोदूचं डावं मनगट पकडलं. चुड्यावरून, अगदी घट्ट. त्या सोडायलाच तयार नाहीत! गोदूने डावा हात त्यांच्या हवाली केला, उजव्या हातात वल्हं घेतलं, आपली काठी नामाकडे दिली आणि त्याला ओरडून सांगत राहिली, आता रेट, आता थांब, आता रेट. दोन काहिली एकमेकींना धरून फुगडी घालत यावं तशा फिरत फिरत आल्या आणि बेटाच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे एरवी कोणी उतरत नाही तिथे, गाळात रुतून थांबल्या.

आम्ही गाळातून धावत गेलो. नामा आईच्या गळ्यात पडला. नवरा मुलगा गोदूकडे बघत नुसता उभा. आणि विहीणबाईंची मूठ अजून मिटलेलीच. गोदूने हळूच त्यांची बोटं सोडवली. चुड्यातल्या कितीतरी बांगड्या वाढवल्या होत्या. गोदूच्या हाताला ओरखडादेखील नव्हता. सगळ्या काचा विहीणबाईंच्या तळव्यात घुसल्या होत्या.

लग्नाआधी नवरीचा चुडा वाढवला, तोही सासूच्या हातून. शब्द मोडला तो वेगळाच. आता ही बाई काय बोलते?

बोलायच्या आधी काच काढायला हवी होती. मी त्यांना तिथेच गाळात बसवलं, तळवा मांडीवर घेतला आणि कमरेच्या बटव्यातल्या चिमट्याने एकेक कण काढू लागले. मी बोलायला विषय शोधू लागले.

"कासारीणबाई," तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ही पोर रोज असं करती?"

"हाव," मी म्हटलं. "रोज पाणी एवढं नसतं. पर करती."

त्यांनी गोदूकडे पाहिलं. मग तोंडावर पदर घेऊन त्या रडू लागल्या. "आमच्याकडं आडाला बी धड पानी न्हाई गं बाई. हिला तिकडं नेऊन मी काय करायला लावू? शेण थापायला?"

राधाक्काला वाटलं, मोडलं. मलाही तसंच वाटलं. गोदूच पुढे झाली, सासूच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "शेण मला बी थापता येतं आत्याबाई. तुमी रडू नका." आणि मग दोघी हसल्या की रडल्या ते मला सांगता येणार नाही, कारण मीही त्यांच्यातच होते.

त्या दुपारी मी गोदूचे दोन्ही हात नव्याने भरले. मोठ्या मापाच्या मी मुद्दाम जास्त आणल्या होत्या, तरी शेवटच्या दोन हिरव्यांसाठी पेटीचा तळ उपसावा लागला; त्या मापाच्या दोन-चार काय त्या मागे उरल्या. विहीणबाई फडकं बांधलेला हात मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या आणि मला सूचना देत होत्या. सासवा त्या सासवाच!

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, उरलेलं वऱ्हाड आलं आणि लग्न लागलं. निघायच्या वेळी बेट घाटावर लोटलं. बाया रडताहेत, ओटीतले तांदूळ सांडताहेत. गोदू शालूत, दोन्ही हात हिरवे, मान खाली. मोठी काहील लागली. नामा नवी काठी घेऊन ऐटीत उभा. मलाही त्याच खेपेने परतायचं होतं, पेट्या घेऊन मी आत बसले. नवरदेव बसला. विहीणबाई काही बसेनात.

"बसा ना आत्याबाई," नामा म्हणाला.

"तू हाकणार आसशील तर मी बसायची न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "जा, तू माघारी जा. सूनबाई, ती काठी घे."

गोदूने मान वर केली. राधाक्का म्हणाली, "अवो, नवी नवरी हाय, लोक काय म्हनतील?" विहीणबाई तोवर आत येऊन बसल्याही होत्या, कडेला, वजन बरोबर सांभाळून. "लोकांना पोहता येत आसंल," त्या म्हणाल्या. "मला येत न्हाई."

गोदूने शालूचा पदर कमरेला खोचला आणि काठी टेकवली. घाटावरच्या बायांचं रडणं थांबलं आणि असा काही कल्ला उठला की झाडावरचे बगळे उडाले. काहील गिरकी घेऊन निघाली. बेट एकदा समोर यायचं, एकदा पाठीमागे जायचं, आणि गोदूच्या प्रत्येक रेट्याला दोन्ही हातांतल्या काचा वाजायच्या. मधल्या धारेत तिने जोर लावला तशा दोन बांगड्या वाढवल्या, तुकडे माझ्या पायाशी पडले. मी झटकन पेटीचं झाकण उघडलं.

विहीणबाईंनी फडक्याचा हात झाकणावर ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पल्याड पोचल्यावर भरा. आत्ता तिला हाकू द्या."